ज्ञान पाणवठ्यावर पोहोचले तेव्हा

नारूचे संशोधन, विज्ञानशिक्षण आणि लोकजागृती



आजच्या विशी-पंचविशीतील तरुणाला ‘नारू’ या शब्दाचा अर्थ विचारला, तर तो बहुधा त्याला सांगता येणार नाही. त्याच्या आजोबांना मात्र हा शब्द चांगला परिचयाचा असेल. ज्या गावांत पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरले जाई, त्यांपैकी कित्येक गावांत उन्हाळा आला की नारूही येई. कुणाच्या घोट्यावर, कुणाच्या पिंढरीवर फोड उठे, आग होई आणि फोड फुटल्यावर त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा कृमी डोके बाहेर काढी. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढून काढावा लागे. घाई केली आणि कृमी आतल्या आत तुटला, तर पाय सुजे, पू होई आणि माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे.

हा रोग आता भारतात राहिलेला नाही. १९९६ च्या जुलै महिन्यात राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले. विशेष म्हणजे, हा विजय कोणत्याही नव्या औषधाने मिळवून दिलेला नाही. नारूवर लस नाही. शरीरात शिरलेल्या कृमीला मारणारे खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही. देवी हा रोग लसीमुळे गेला. नारू गेला तो मुख्यतः पाण्याची सोय बदलल्यामुळे आणि पाणी कसे भरावे, कसे गाळावे, हे लोकांना पटल्यामुळे. म्हणूनच परजीवीशास्त्र, विज्ञानशिक्षण आणि विज्ञानप्रसार या तिन्ही क्षेत्रांचा एकत्र विचार करावयाचा झाल्यास नारूच्या कथेइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

जुना शत्रू

नारू हा माणसाचा फार जुना शत्रू आहे. मध्ययुगीन आयुर्वेदीय ग्रंथांतून ‘स्नायुक’ या नावाने त्याचे वर्णन आढळते. इब्न सीना या विख्यात वैद्याने आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. मदिना शहराच्या परिसरात तो आढळत असल्याने या कृमीच्या शास्त्रीय नावात, ‘ड्रॅकनक्युलस मेडिनेन्सिस’ या नावात, त्या शहराचा उल्लेख कायमचा राहून गेला. काडीला कृमी गुंडाळण्याची रीतही अशीच प्राचीन असून निरनिराळ्या देशांत ती आढळते.

म्हणजे रोग ठाऊक होता, त्याची लक्षणे ठाऊक होती, त्यावर करावयाचा कष्टदायक उपचारही ठाऊक होता. तो येतो कोठून, एवढेच ठाऊक नव्हते. कोणी म्हणे अनवाणी चालल्याने जमिनीतून शिरतो, कोणी म्हणे पाण्यात उभे राहिल्याने कातडीतून शिरतो, तर कोणी तो सडलेली शीरच आहे असे मानी. काही ठिकाणी तो दैवी कोप समजला जाई. हे सर्व तर्क केवळ अज्ञानातून आलेले होते असे म्हणून त्यांची टर उडविणे सोपे आहे. परंतु तसे करणे न्यायाचे नाही. नारूचे पाणी प्यायल्यापासून कृमी कातडीबाहेर येईपर्यंत सुमारे एक वर्ष जाते. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात प्यालेल्या एका ओंजळभर पाण्याचा संबंध या वर्षी पायावर उठलेल्या फोडाशी जोडणे कोणत्याही माणसाला सहजासहजी शक्य नव्हते. निसर्गाने कारण आणि परिणाम यांच्यामध्ये वर्षाचा पडदा टाकलेला होता. तो पडदा दूर करण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची आणि त्यामागे बसलेल्या चिकाटीच्या डोळ्यांची आवश्यकता होती.

समरकंदमधील संशोधन

हे काम अलेक्सी पावलोविच फेडचेन्को या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने केले. त्याचा जन्म १८४४ मध्ये सैबेरियातील इर्कुट्स्क येथे झाला. मॉस्को येथे शिक्षण झाल्यावर, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो मध्य आशियातील तुर्कस्तान प्रदेशाच्या शास्त्रीय पाहणीसाठी निघाला. १८६८ ते १८७१ या काळात त्याने हा प्रदेश पालथा घातला. त्याची पत्नी ओल्गा ही स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होती आणि या खडतर प्रवासात ती त्याच्यासमवेत होती. पर्वत, वाळवंट, प्राणी, वनस्पती, माणसे या सर्वांची नोंद हे दांपत्य करीत होते.

या प्रदेशात नारूचा उपद्रव मोठा होता. रुडॉल्फ लॉयकार्ट या थोर जर्मन परजीवीशास्त्रज्ञाचे त्या काळी असे निरीक्षण होते की, माशांच्या आतड्यांत राहणाऱ्या एका कृमीची पिल्ले सायक्लोप्स नावाच्या पाण्यातील बारीक जीवात वाढतात. नारूच्या बाबतीतही असेच काही घडत असावे, तेव्हा सायक्लोप्सकडे लक्ष द्यावे, अशी सूचना लॉयकार्टने फेडचेन्कोला केली होती. १८७० मध्ये समरकंद येथे फेडचेन्कोने नारूचे डिंभ, म्हणजे अगदी सूक्ष्म अळ्या, सायक्लोप्स असलेल्या पाण्यात सोडले आणि ते त्या जीवांच्या शरीरात शिरून वाढू लागल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

सायक्लोप्स हा संथ पाण्यात राहणारा कवचधारी जीव होय. त्याची लांबी एक-दोन मिलिमीटरच्या आतबाहेर असते. त्याला एकच डोळा असल्यामुळे ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला मिळाले. स्वच्छ काचेच्या पेल्यात पाणी घेऊन ते उन्हाकडे धरले, तर झटके देत पोहणारा पांढरा ठिपका या रूपात तो नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकतो. ही बाब लहान वाटली, तरी पुढे लोकशिक्षणाच्या कामात तिला फार मोठे महत्त्व आले.

फेडचेन्कोच्या निरीक्षणात पुढील संशोधकांनी भर घातल्यावर नारूचे संपूर्ण जीवनचक्र स्पष्ट झाले. नारूची मादी सुमारे एक मीटरपर्यंत लांब असू शकते. ती कातडीजवळ येते तेव्हा तेथे फोड येऊन विलक्षण आग होते. आग शमविण्यासाठी रोगी पाण्यात पाय बुडवितो आणि नेमक्या त्याच क्षणी मादी लक्षावधी डिंभ पाण्यात सोडते. ते सायक्लोप्सच्या पोटात जातात व सुमारे दोन आठवड्यांत माणसाला बाधा करण्याजोगे होतात. हे पाणी न गाळता प्यायले की जठरातील आम्लाने सायक्लोप्स मरतो, आतील डिंभ मात्र मोकळे होतात आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. नर व मादी यांचा समागम झाल्यावर नर मरतो. मादी वाढत वाढत कातडीकडे सरकते. वर्षभराने पुन्हा फोड, पुन्हा आग, पुन्हा पाण्यात पाय. चक्र पूर्ण होते.

या चक्रात एकच जागा अशी आहे की जेथे माणूस ते सहज तोडू शकतो. ती जागा म्हणजे पाणवठा. रोग्याने पाण्यात पाय घालावयाचा नाही आणि निरोग्याने पाणी गाळल्याविना प्यावयाचे नाही. ही दोन पथ्ये गावाने एक वर्षभर कसोशीने पाळली, तर नारूला त्या गावात पुढची पिढीच मिळत नाही.

विज्ञान लोकांसमोर मांडणारा शास्त्रज्ञ

फेडचेन्को हा केवळ प्रयोगशाळेत रमणारा शास्त्रज्ञ नव्हता. मॉस्को येथे १८७२ मध्ये भरलेल्या भव्य तंत्रविज्ञान प्रदर्शनात तुर्कस्तान विभागाच्या उभारणीत त्याने पुढाकार घेतला. दूरच्या प्रदेशातील निसर्ग, जीवसृष्टी आणि लोकजीवन सामान्य नागरिकांच्या नजरेसमोर यावे, असा या विभागाचा हेतू होता. याच प्रदर्शनातून पुढे मॉस्कोचे सुप्रसिद्ध पॉलिटेक्निक संग्रहालय आकारास आले. ज्ञान मिळविणे आणि ते लोकांपुढे मांडणे, ही दोन कामे वेगळी नाहीत, असे मानणाऱ्या परंपरेतील हा तरुण होता.

दुर्दैवाने त्याला आयुष्य फार थोडे लाभले. १८७३ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, आल्प्स पर्वतातील हिमनद्यांचा अभ्यास करीत असता माँ ब्लांच्या परिसरात त्याचा अंत झाला. त्याच्या प्रवासाचे व संशोधनाचे अपुरे राहिलेले प्रकाशन ओल्गाने निष्ठेने पुढे चालविले. पामीर पर्वतातील एका प्रचंड हिमनदीला आज त्याचे नाव आहे.

संशोधनाची साखळी

माणसाच्या शरीरातील परजीवीच्या वाढीला दुसऱ्या एखाद्या क्षुद्र जीवाचे साहाय्य लागते, हे दाखविणाऱ्या अगदी आरंभीच्या शोधांमध्ये फेडचेन्कोच्या शोधाची गणना होते. १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये हत्तीरोगाच्या कृमीची वाढ डासाच्या शरीरात होते असे दाखविले. मॅन्सन यांच्याच प्रेरणेने रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी शोधून काढले. परजीवीशास्त्राला नवी दिशा मिळाली ती या शोधांच्या मालिकेतून.

नारूच्या बाबतीतील उरलेले दुवेही हळूहळू जुळत गेले. १९०५ मध्ये लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयातर्फे रॉबर्ट लायपर हे शास्त्रज्ञ पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना येथे गेले. जठरात असते तितक्या तीव्रतेच्या आम्लात सायक्लोप्स मरतो आणि डिंभ मात्र चपळ होऊन बाहेर पडतात, हे त्यांनी दाखवून दिले. माकडाला बाधित सायक्लोप्स केळ्यातून खाऊ घालून त्याच्या शरीरात पुढे नारूचे कृमी वाढल्याचेही त्यांना आढळले. पाणी पिण्याने नारू होतो, याविषयी आता शंका उरली नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी की, परळ येथील बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, १९१० नंतरच्या काळात डब्ल्यू. ग्लेन लिस्टन, डी. ए. तुरखूड आदी संशोधकांनी नारूच्या प्रतिबंधाचा अभ्यास केला. पुढे १९३० नंतरच्या दशकात म्हैसूर संस्थानातील चितळदुर्ग भागात व्ही. एन. मूर्ती यांनी नारूच्या डिंभांच्या वाढीचे बारकाईने निरीक्षण केले आणि सायक्लोप्स खाणारे मासे विहिरीत सोडून रोगाला आळा घालण्याचा उपाय करून पाहिला.

सव्वाशे वर्षांचे अंतर

आता येथे थोडे थांबून एक हिशेब मांडणे उचित ठरेल. सायक्लोप्सचा शोध लागला १८७० मध्ये. भारतातील शेवटचा नारू निघाला १९९६ मध्ये. या दोहोंमधील अंतर १२६ वर्षांचे आहे. शास्त्रीय नियतकालिकांच्या पानांवर प्रश्न सुटलेला होता. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तो परीक्षेत येत होता. जीवनचक्राची आकृती पाठ्यपुस्तकांतून छापली जात होती. तरीही ज्या बाईच्या डोक्यावर घागर होती, तिच्यापर्यंत ते ज्ञान पोहोचलेले नव्हते. सव्वा शतकात किती शेतकऱ्यांची पेरणी हुकली असेल, किती मुलांची शाळा बुडाली असेल, किती मायमाऊल्यांनी सुजलेल्या पायाने संसार रेटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. नारूने माणूस सहसा मरत नसे, म्हणूनच बहुधा त्याच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. आणि एकदा नारू झाला म्हणून पुन्हा होणार नाही, असेही नव्हते. शरीरात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होत नसल्याने एकाच माणसाला तो वर्षामागून वर्ष होत राही.

हे अंतर एवढे का पडले? दारिद्र्य आणि पाण्याची टंचाई ही कारणे तर होतीच. ज्या गावाला एकच पायविहीर आहे, त्या गावाला ‘तिचे पाणी पिऊ नका’ असे सांगण्यात अर्थ नव्हता. उन्हाळ्यात पाणी तळाला जाई, तेव्हा पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहिल्याखेरीज घागर भरत नसे. त्याच दिवसांत थोड्या पाण्यात सायक्लोप्सची दाटी होई आणि त्याच दिवसांत गेल्या वर्षीचे नारू फुटत. शिवाय गावातील सगळ्याच वस्त्यांना पाणवठा सारखा खुला नव्हता. ज्यांना चांगल्या विहिरीवर जाता येत नसे, त्यांच्या वाट्याला ओढ्याचे डबके येई.

परंतु या कारणांच्या जोडीला आणखी एक कारण होते, आणि ते विज्ञान सांगणाऱ्यांच्या पदरात टाकावे लागेल. ‘पाणी दूषित आहे’ असे सांगितले जाई. पण ते कशाने दूषित आहे, हे दाखविले जात नसे. नितळ, गोड, पूर्वजांनी बांधलेल्या, कोनाड्यात देवाची मूर्ती असलेल्या बारवेच्या पाण्याला दूषित म्हटल्यावर ऐकणाऱ्याला तो अपमान वाटे. सांगणारा परगावचा, त्याची भाषा पुस्तकी आणि ऐकणारे बहुतेक पुरुष. पाणी भरणाऱ्या स्त्रिया सभेला नसतच. अशा प्रचाराचा परिणाम कितपत होणार?

बुखाऱ्याचा धडा

ज्ञान आणि व्यवस्था एकत्र आल्यास काय घडू शकते, याचा दाखला फेडचेन्कोच्याच कार्यक्षेत्राजवळ मिळाला. बुखारा शहरात पाण्याची पायऱ्यापायऱ्यांची कुंडे असत. त्यांना ‘हौज’ म्हणत; आपला ‘हौद’ हा शब्द त्याच कुळातला. पखालीतून पाणी वाहणारे लोक या कुंडांत उतरून पाणी भरीत आणि घरोघर पोहोचवीत. त्यांच्या पायांतून नारूचे डिंभ पाण्यात आणि पाण्यातून साऱ्या शहरात जात. १९२३ नंतर लिओनिद इसायेव्ह या वैद्यकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली तेथे मोहीम हाती घेण्यात आली. रोग्यांचा शोध, कुंडांचा उपसा व बंदी, पाणीपुरवठ्याची नवी सोय आणि लोकांना समजावणी ही कामे एकाच वेळी करण्यात आली. १९३१ च्या सुमारास बुखारा नारूमुक्त झाले. सात-आठ वर्षांत एका शहराने शतकानुशतकांचा रोग हद्दपार केला.

भारतातील मोहीम

भारतात राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू करण्यात आला. १९८१ ते १९९० हे आंतरराष्ट्रीय पेयजल दशक म्हणून पाळले जात होते आणि पाणीपुरवठ्याच्या योजनांना त्यामुळे गती मिळालेली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे कार्यक्रमाच्या मार्गदर्शनाची जबाबदारी सोपविण्यात आली. आरंभी, १९८४ मध्ये, सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत आणि १२,८४० गावांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण असल्याचे दिसून आले. आंध्र प्रदेश, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान व तमिळनाडू यांच्याबरोबर महाराष्ट्राचाही या सात राज्यांत समावेश होता.

कार्यक्रमाची सूत्रे साधी होती. घरोघर जाऊन रुग्ण शोधावयाचा, त्याची मलमपट्टी करावयाची आणि त्याला पाणवठ्यात उतरू द्यावयाचे नाही. पायविहिरींना कठडा बांधून त्यांचे रूपांतर पोहऱ्याने पाणी शेंदण्याच्या विहिरींत करावयाचे. शक्य तेथे हातपंप बसवावयाचे. पिण्याच्या पाण्याला अपाय न होता सायक्लोप्स मरतील अशा अल्प प्रमाणात टेमेफॉस हे औषध पाण्यात टाकावयाचे. आणि घरोघरी दुहेरी फडक्याने पाणी गाळून घेण्याची सवय लावावयाची. पुढे रुग्ण अगदी विरळ झाले, तेव्हा नव्या रुग्णाची खबर देणाऱ्यास रोख बक्षीस ठेवण्यात आले. शेवटचा रुग्ण आढळल्यानंतरही काम थांबविण्यात आले नाही. तीन वर्षांहून अधिक काळ एकही नवा रुग्ण नाही, याची कसून खात्री करून घेण्यात आली आणि मगच देशाला नारूमुक्त म्हणण्यात आले.

यांपैकी विहिरीचा कठडा, हातपंप आणि औषध ही कामे शासनाला करता येण्यासारखी होती. परंतु हातपंप बिघडला तर लोक पुन्हा पायविहिरीकडे वळणार, हे उघड होते. पाणी गाळावयाचे की नाही, हे तर घरातील बाईच्याच हाती होते. म्हणून मोहिमेचे यश अखेरीस समजावून सांगण्याच्या कौशल्यावर अवलंबून राहिले.

दाखविणे आणि सांगणे

जेथे हे काम चांगले झाले, तेथे सांगण्यापेक्षा दाखविण्यावर भर होता. विहिरीचे पाणी फडक्यातून गाळावयाचे, फडके उलटे करून थोड्या स्वच्छ पाण्यात खळबळावयाचे आणि ते पाणी काचेच्या पेल्यात घालून उन्हात धरावयाचे. पेल्यात हलणारे ठिपके पाहिल्यावर वेगळ्या उपदेशाची गरज फारशी उरत नसे. पाण्याला नावे ठेवावी लागत नसत, विहिरीचा अपमान होत नसे आणि पूर्वजांनाही दोष लागत नसे. फेडचेन्कोने समरकंदमध्ये जे पाहिले, तेच विहिरीच्या काठावर घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला तिच्या डोळ्यांनी पाहावयास मिळे. या अर्थाने तीही त्या संशोधनाची साक्षीदार होई.

विशेष हे की, पाणी गाळून पिण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हती. अनेक घरांतून हंड्याच्या तोंडाला फडके बांधण्याचा परिपाठ होताच. विज्ञानाने एवढीच भर घातली की, फडके दुहेरी आणि दाट विणीचे असावे, त्याला भोक नसावे, दर वेळी तीच बाजू वर ठेवावी आणि वापरल्यावर ते धुऊन उन्हात वाळवावे. लोकांच्या अंगवळणी पडलेल्या चालीला शास्त्राचा आधार देणे, हे लोकांची चाल मोडून नवी लादण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

वर्षाच्या पडद्याचा प्रश्नही अशाच रीतीने सोडवावा लागला. ‘आज पाणी गाळले तर उद्या नारू जाईल’ असे आश्वासन देणारा कार्यकर्ता पुढच्या उन्हाळ्यात खोटा ठरे. कारण आधीच्या वर्षी शरीरात शिरलेले कृमी बाहेर येणारच होते. ‘यंदा जे निघतील ते गेल्या वर्षीचे, यंदा पाणी गाळाल त्याचे फळ पुढच्या वर्षी दिसेल’ असे स्पष्टपणे सांगणारा मात्र विश्वासास पात्र ठरे. लोकशिक्षणात खरे आणि पूर्ण सांगणे, हेच सर्वांत व्यवहारी धोरण असते.

जगातील चित्र

जागतिक पातळीवरही या प्रयत्नांना असेच यश येत आहे. १९८६ मध्ये आफ्रिका व आशियातील वीसएक देशांत मिळून दरवर्षी सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असावा, असा अंदाज होता. २०२४ मध्ये साऱ्या जगात माणसांतील केवळ १५ रुग्णांची नोंद झाली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी या कार्यासाठी आपल्या उत्तरायुष्याची अनेक वर्षे वेचली. १९९५ मध्ये यादवीने पोळलेल्या सुदानमध्ये त्यांच्या मध्यस्थीने झालेला युद्धविराम जवळजवळ सहा महिने टिकला आणि आरोग्य कार्यकर्त्यांना दुर्गम गावांत जाता आले. पाणी गाळण्याच्या फडक्यासाठी बंदुका थांबल्याचे हे उदाहरण इतिहासात विरळाच म्हणावे लागेल.

तथापि लढा अद्याप संपलेला नाही. २०१२ पासून आफ्रिकेतील चाड या देशात कुत्र्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर नारू आढळू लागला आणि संशोधकांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. जीवनचक्राची आकृती पूर्ण झाली असे वाटत असतानाच निसर्गाने तिला आणखी एक बाण जोडला. २०३० पर्यंत नारूचे जगातून समूळ उच्चाटन करण्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे.

शाळा आणि गाव

नारू गेला, म्हणून त्याची कथा संपली असे मानून चालणार नाही. महाराष्ट्रात पूर्व विदर्भासह काही भागांत हत्तीरोगाचा प्रश्न आजही आहे. त्यावर औषध आहे. ते शासनातर्फे विनामूल्य घरोघर दिले जाते आणि २०२७ पर्यंत देशातून हा रोग दूर करण्याचे उद्दिष्ट आहे. येथेही अडचण ज्ञानाची नाही. हत्तीरोगाचे कृमी रक्तात असूनही माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो. आपण निरोगी असताना गोळ्या का घ्याव्यात, असे त्याला वाटते. गोळ्या हाती घेतल्या जातात, पण पोटात जातातच असे नाही. नारूच्या बाबतीत कारण आणि परिणाम यांच्यामध्ये एक वर्षाचा पडदा होता. येथे तो अनेक वर्षांचा आहे. तो दूर करण्याचा मार्ग मात्र तोच आहे. आरोग्यसेविकेने आणि आशा कार्यकर्तीने लोकांसमोर बसून, त्यांच्या शंका ऐकून, कारण उलगडून सांगावयाचे आणि आपल्या समक्ष गोळी घ्यावयास लावावयाचे.

याची पायाभरणी शाळेत होते. जीवनचक्राची आकृती फळ्यावर काढून ती वहीत उतरवून घेतली, म्हणजे विज्ञानशिक्षण झाले असे नव्हे. गावातील विहिरीचे, ओढ्याचे किंवा टाकीचे पाणी पेल्यात घेऊन त्यात काय हलते आहे हे मुलांना पाहू दिले, साध्या भिंगातून डासाची अळी दाखविली, तर तीच आकृती जिवंत होते. आणि ते मूल घरी जाऊन आईला जे सांगते, ते कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा अधिक काळ टिकते.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी तरुणांनी जुन्या बारवा स्वच्छ करून त्यांचे जतन करण्याचे काम हाती घेतले आहे. हे काम स्वागतार्ह आहे. त्या पायऱ्यांवर उभे राहून शिल्पाचे कौतुक करताना, याच पायऱ्यांवर एके काळी दुखऱ्या पायाची माणसे पाण्यात उतरत होती, हेही स्मरणात असावे. त्या पाण्यातील एका ठिपक्याचे रहस्य एका तरुण शास्त्रज्ञाने १८७० मध्ये उलगडले. ते रहस्य पाणवठ्यापर्यंत आणण्यास मात्र सव्वाशे वर्षे आणि हजारो आरोग्यसेवक, शिक्षक व गावकरी यांचे कष्ट लागले. यापुढे लागणाऱ्या शोधांना लोकांपर्यंत पोहोचण्यास इतका काळ लागू नये, ही जबाबदारी शास्त्रज्ञाइतकीच शिक्षकाची, प्रसारकाची आणि प्रत्येक सुजाण नागरिकाची आहे.